धुरंधरांची वही

शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे आहेत, हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असतंच. कुणाच्या स्टेटसला, कुणाच्या डीपीला, नाहीतर एखाद्या पोस्टरवर. पण चित्रकार कोण, असं विचारलं की बहुतेक जण गप्प. त्यांचं नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. (सिनेमा नाही, आडनाव आहे ते!) आता तेच चित्र परत उघडा आणि महाराजांवरून नजर काढून दरबारातल्या गर्दीकडे न्या. ही गर्दी कुठून आली, त्याचीच ही गोष्ट.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ चा, कोल्हापूरचा. १८९० च्या जानेवारीत ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. वय बावीस, म्हणजे आज माझं आहे तेवढंच. प्राचार्य होते जॉन ग्रिफिथ्स. आपल्या अजिंठ्यात विद्यार्थ्यांना नेऊन १८७२ ते १८८५ या काळात तिथल्या चित्रांच्या नकला करून घेणारे तेच हे ग्रिफिथ्स. साहेब शिस्तीचा, आणि शिक्षण पक्कं विलायती. ग्रीक पुतळ्यांचे प्लॅस्टरचे साचे समोर ठेवायचे आणि छाया-प्रकाश अचूक उतरवायचा.

यात हात तयार होतो, हे खरं. पण मेख पण इथेच आहे. सगळ्यांसमोर पुतळा तोच, सगळ्यांना शिकवण तीच, मग आपलं असं काय राहणार? आज पिंटरेस्टवरचा एकच रेफरन्स दहा जण काढतात आणि दहाही चित्रं सारखी दिसतात, तसंच काहीसं.

धुरंधरांचं उत्तर वहीत आहे. जे.जे.च्या फाटकातून बाहेर पडलं की समोर क्रॉफर्ड मार्केट, आणि थोडं पुढे तेव्हा नवंकोरं असलेलं बोरीबंदर स्टेशन. कोळीण, पारशी, भय्या, ब्राह्मण, बोहरी, गुजराती शेठ, पाटीवाल्या बाया, सगळी मुंबई त्याच रस्त्यावर. प्लॅस्टरचा पुतळा तासन्‌तास हलत नाही. माणूस मात्र वळतो, वाकतो, निघून जातो. तेवढ्यात काय पकडायचं? पदर कुठून कुठे जातो, पगडीचा पीळ कसा आहे, वजन कोणत्या पायावर आहे. धुरंधरांनी अशी हजारो स्केचेस केली, आणि त्यातल्या कितीतरी कागदांवर सही आणि तारीखही आहे.

हे वाचायला सोपं वाटतं. मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर बसून एकदा करून बघा. पॅसेंजर थांबते, बोचकं घेऊन एक आजी उतरते, आणि तुमच्या कागदावर बोचकं येईपर्यंत आजी रिक्षात बसलेली असते. पहिल्या पंधरा-वीस पानांत माणूस दिसतच नाही, नुसत्या रेघा.

१८९५ मध्ये त्यांच्या ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. नंतर कामाचा नुसता पाऊस. एस. एम. एडवर्ड्सचं मुंबईच्या गल्ल्यांवरचं ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२), किंकेडचं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४), रॉथफील्डचं ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०), या सगळ्यांत चित्रं धुरंधरांची. शिवाय पोस्टकार्डं, पौराणिक चित्रं, शिवचरित्रातले प्रसंग. त्यांच्या बायका नुसत्या ‘साडीतल्या’ नसतात. नऊवारीचा काष्टा, गुजराती पदर, कोळणीचं लुगडं, प्रत्येकीचं नेसणं वेगळं आणि त्यामुळे उभं राहणंही वेगळं. ही माहिती पुतळ्यावरून मिळत नाही. इतिहासातला दरबार त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण दरबारात उभी राहणारी माणसं रस्त्यावर रोज पाहिली होती.

टीकाही झाली. बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांची मंडळी अजिंठा आणि मुघल चित्रांकडे वळली होती. त्यांच्या गोटातून मुंबईचे चित्रकार म्हणजे विलायती नक्कल करणारे, असा सूर यायचा. मला विचाराल तर यात थोडं तथ्य आहे. धुरंधरांची काही पौराणिक चित्रं नाटकाच्या पडद्यासारखी वाटतात, राजा रविवर्म्याची छाप लपत नाही. पण बाजारातली बाई काढणाऱ्या त्यांच्या पेन्सिलीला नक्कल म्हणणं मात्र पटत नाही.

नोकरी आयुष्यभर एकाच ठिकाणी. विद्यार्थी म्हणून आले, १८९६ पासून शिकवू लागले. १९२७ मध्ये सरकारने रावबहादूर केलं, पण संस्थेची सगळ्यात वरची खुर्ची गोऱ्या साहेबाचीच. १९३० मध्ये धुरंधर त्या खुर्चीवर बसले तेही प्रभारी म्हणून, थोड्या काळासाठी. पुढच्याच वर्षी निवृत्ती. एवढ्या वर्षांच्या कामानंतर हे म्हणजे जरा जास्तच झालं.

त्या वर्षांचा हिशोब त्यांनी १९४० मध्ये मराठीत पुस्तक लिहून मांडला, ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. मुलगी अंबिका हीसुद्धा जे.जे.त शिकून चित्रकार झाली. १ जून १९४४ ला धुरंधर गेले. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा मोठमोठ्या रंगचित्रांबरोबर पोस्टकार्डं आणि पेन्सिलीची स्केचेसही भिंतीवर लागली होती.