धो-धो पावसाचं कोकण उन्हाळ्यात का सुकतं? १८४० च्या दशकात याचं उत्तर शोधणारा स्कॉटिश डॉक्टर

पावसाळ्यात देवरूखला छत्री नावालाच असते. मार्लेश्वरचा धबधबा दणाणत असतो, बाव नदी दुथडी भरून वाहते. आणि त्याच संगमेश्वर तालुक्यातल्या काही वाड्या एप्रिल-मे मध्ये टँकरकडे डोळे लावून बसतात. एवढं पाणी जातं कुठं?

पावणेदोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका डॉक्टरला पडला होता. त्याचं नाव अलेक्झांडर गिब्सन.

१८०० साली स्कॉटलंडमध्ये जन्म, एडिंबरात वैद्यकीचं शिक्षण आणि मग ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी. दख्खन आणि खानदेशात देवीच्या लसीकरणाचं काम त्याच्याकडे आलं. गावोगाव फिरायचं, लोकांना समजवायचं, तर भाषा हवीच. गडी मराठी, गुजराती, हिंदुस्तानी तिन्ही शिकला. पुढं जंगलाच्या कामात त्याला या फिरस्तीचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला असणार.

१८३८ मध्ये तो पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख झाला. होय, तीच दापोडी जिथं आज लोकल थांबते! तिथं त्यानं एका चित्रकाराकडून वनस्पतींची सुंदर जलरंगातली चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी नोंदवून ठेवलं नाही. साहेबाचं नाव राहिलं, ज्याच्या हातून चित्रं उतरली त्याचं गेलं.

आता येऊ कोकणाकडे. १८२० च्या दशकात रत्नागिरीचा कलेक्टर डनलॉप यानं झाडांवरचे सरकारी हक्क सोडून ती जमीनधारकांच्या ताब्यात दिली. लोक झाडं लावतील, जपतील अशी अपेक्षा होती. घडलं उलटंच. मुंबई वाढत होती. तिथल्या गोदीला साग हवा होता, चुलींना जळण हवं होतं आणि किनाऱ्यावरून गलबतं भरून लाकूड नेणं सोपं होतं. काही वर्षांतच डोंगर उघडे पडले.

गिब्सननं हे पाहिलं आणि सरकारला कळवलं की दक्षिण कोकणात जंगल तुटलं तिथले ओढे लवकर आटू लागलेत. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की हा फक्त लाकडाचा प्रश्न नाही, पाण्याचा आणि शेतीचा आहे.

यामागचं गणित सोपं आहे. झाडांखाली पालापाचोळ्याचा थर असतो, मुळांनी माती भुसभुशीत केलेली असते. पाणी हळूहळू मुरतं आणि पुढं कित्येक महिने झऱ्यातून झिरपत राहतं. झाड गेलं की तोच पाऊस लाल माती घेऊन तासाभरात खाडीला मिळतो.

१८४७ मध्ये मुंबई इलाख्यानं जंगलांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमला, तो म्हणजे गिब्सनच. मद्रासला असं पद यायला १८५६ उजाडलं, आणि अख्ख्या देशाचं वनखातं आलं १८६४ ला. १८६० मध्ये तो निवृत्त झाला, पुढच्याच वर्षी डाल्झेलसोबत लिहिलेलं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक आलं. १८६७ मध्ये तो वारला.

पण त्याला हिरो करून मोकळं होता येत नाही. डोंगरउतारावर झाडोरा जाळून नाचणी-वरी पिकवणाऱ्या कुमरी शेतीला त्याचा विरोध होता. ज्यांचं पोट त्या उतारावर होतं, त्यांना याची किंमत मोजावी लागली. गोदीसाठी साग तोडणारे आणि नाचणीपुरता उतार जाळणारे एकाच पारड्यात बसवणं अन्यायाचंच होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, झाड नसलेली प्रत्येक जागा उजाड झालेलं जंगल नसते. इंग्रजांच्या काळात ही समजूत पक्की झाली आणि आपण अजून तीच धरून बसलोय. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी जुन्या मराठी साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. निष्कर्ष असा, की पश्चिम महाराष्ट्रातली गवताळ माळरानं निदान ७५० वर्षं तरी माळरानंच आहेत. कोकणातले जांभ्याचे सडेही असेच. उन्हाळ्यात काळे ठिक्कर, पावसाळ्यात इवल्या फुलांनी भरलेले. तिथं खड्डे खणून रोपं लावली, तर मूळचं गवत आणि फुलंच जातात. म्हणजे देवरूखच्या उतारावर झाड तोडणं जसं नुकसानीचं, तसंच सड्यावर ते लावणं.

डनलॉपच्या वेळी पडलेली गाठ अजून सुटलेली नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतांश जंगल आजही खाजगी मालकीचं आहे. घरात लग्न निघालं, आजारपण आलं, की ठेकेदार येतो, सौदा होतो आणि डोंगराचा एक तुकडा साफ होतो. मालकाला तरी दोष कसा द्यायचा? उभ्या झाडाचे पैसे कोण देतं?

ते द्यायचा एक प्रयत्न मात्र देवरूख परिसरातच चालू आहे. अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था इथल्या जमीनमालकांशी करार करते. त्यांनी ठरलेली वर्षं झाडं तोडायची नाहीत, त्या बदल्यात त्यांना मोबदला मिळतो. धनेश ज्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत घरटं करतो, त्याच झाडाची फळं औषधासाठी विकून मालकाला उत्पन्न मिळावं, हाही त्यातलाच एक मार्ग.