भाताच्या १९ हजार नमुन्यांचा राखणदार : डॉ. रिछारिया

अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात जया भात माहीत नाही असा जुना शेतकरी सापडायचा नाही. १९६८ साली आलेल्या या वाणाच्या आईबापांपैकी एक म्हणजे तैवानचा बुटका ‘तायचुंग नेटिव्ह-१’. अशाच परदेशी बियाण्याला विरोध केला म्हणून देशातल्या एका मोठ्या भाततज्ज्ञाची खुर्ची गेली होती.

डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांचा जन्म १९०९ चा. केंब्रिजला डॉक्टरेट केली. १९५९ मध्ये ते कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. बुटक्या वाणांबरोबर रोगही येतील, नीट तपासल्याशिवाय ते देशभर पसरवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारला धान्याची घाई होती. ती दुष्काळाची वर्षं बघता घाई अगदीच चुकीची होती असंही नाही. पण रिछारियांना मुदतीआधी घरी बसवलं, ते कोर्टात गेले. तायचुंग कडा करप्याला लगेच बळी पडतो, हे पुढे शेतकऱ्यांनीच बघितलं.

१९७१ पासून त्यांनी रायपूरच्या राज्य भात संशोधन संस्थेत काम केलं. छत्तीसगडची गावं फिरून १९ हजारांच्या आसपास नमुने गोळा केले. त्यात वासाचे, हळवे, गरवे, कमी पाण्यात तग धरणारे असे सगळे भात होते.

त्यांची खरी कमाल वेगळीच. संकरित भाताचं बी पुढच्या वर्षी पेरलं की पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरवर्षी पिशवी विकत आणावी लागते. रिछारियांनी सांगितलं, संकरित रोपाचे फुटवे सुटे करून लावा. फुटवा म्हणजे तेच रोप, गुण तसाच राहतो. लावणी करणाऱ्या बाईला जमेल अशी ही पद्धत, तिला प्रयोगशाळा लागत नाही. मजुरी मात्र वाढते, हे खरंच.

१९८३ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांच्याकडून भाताचा आराखडा मागवला. त्यात गावपातळीवर भात केंद्रं उभारायची कल्पना होती. पुढच्याच वर्षी इंदिराजींची हत्या झाली, आराखडा तसाच राहिला. रायपूरची संस्था तर आधीच बंद पडली होती, नमुने कृषी विद्यापीठाकडे गेले.

१९९४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी मातीतल्या जिवाणूकरवी भातात नवा जनुक घालायची पद्धत नीट बसवली. जपानी भातावर ती चांगली चालली, आपल्या इंडिका भातावर बसवायला जड गेली. पण पद्धत कितीही सुधारली तरी घालायचा जनुक आणायचा कुठून? दुष्काळ सोसायचा गुण जुन्या वाणांतच शोधावा लागतो.

रिछारिया १९९६ मध्ये गेले. २००२ मध्ये सिंजेंटा कंपनीने त्याच नमुन्यांसाठी रायपूरच्या विद्यापीठाशी करार करायचं ठरवलं. शेतकरी रस्त्यावर उतरले आणि करार बारगळला.