रात्रीआधी रिकामी होणारी झोळी

शिर्डीचे साईबाबा पडक्या मशिदीत राहत. अंगात कफनी, हातात टमरेल, खांद्याला झोळी. गावातल्या ठरावीक पाच घरांपुढे उभं राहायचं, मिळेल ते भाकरी-कालवण घ्यायचं; त्यातलं कुत्री-मांजरंही खात. ना शेत, ना मिळकत. म्हातारपणीही त्या चुलींवरच त्यांचं भागलं. सुरुवातीच्या काळात बायजाबाई कोते डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन रानात त्यांना शोधत फिरत. बाबा ते विसरले नाहीत. पुढे त्यांचा मुलगा तात्या याला रोज पैसे देत.

नंतर मुंबई-पुण्याची बडी माणसं येऊ लागली. ऐपत असेल त्याच्याकडून बाबा दक्षिणा मागून घेत आणि रात्र पडायच्या आत वाटून टाकत. मालेगावच्या बडेबाबा फकिरांना रोजची रक्कम मिळे, शिवाय निरोप द्यायला बाबा स्वतः थोडं अंतर चालत जात. मला ते चालणं पैशांहून मोठं वाटतं. रमजानात आपण जकातीचा हिशेब चोख करतो, पण गल्लीतल्या एकट्या आजींकडे इफ्तारची थाळी मुलाच्या हाती धाडून मोकळे होतो. खंडोबाचे गरीब पुजारी म्हाळसापती पैसे घेतच नसत. त्यांना बाबांनी मशिदीत रात्रीची सोबत दिली.

15 ऑक्टोबर 1918. दसरा होता, मोहरमचेही दिवस होते. जाण्याआधी बाबांनी खिशातून 9 रुपये काढून लक्ष्मीबाई शिंदे यांच्या हातावर ठेवले. या बाई त्यांना रोज भाकरी आणून देत.