बाबूराव पेंटर : चित्रकाराची दृष्टी आणि चित्रपटाची शैली

चित्रपट ही अनेकांच्या सहकार्याने सिद्ध होणारी कला आहे. कथा एकाची, छायाचित्रण दुसऱ्याचे, अभिनय तिसऱ्याचा, आणि तरीही काही चित्रपट एकाच व्यक्तीच्या मनातून उतरल्यासारखे वाटतात. ही व्यक्तिगत शैली कोठून येते, या प्रश्नाचा विचार करताना मराठी मूकपटाच्या काळात बाबूराव पेंटर यांचे चरित्र विशेष उद्बोधक ठरते. त्यांनी पडद्यावर आणलेल्या तीन महत्त्वाच्या कृतींचा आधार अनुक्रमे मराठी नाटक, कादंबरी आणि कथा हा होता. शब्दांनी घडलेल्या या कलाकृती त्यांनी शब्द नसलेल्या माध्यमात नेल्या. या रूपांतरात त्यांच्या हाती एकच भांडवल होते, आणि ते म्हणजे चित्रकाराची नजर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे एका कारागीर कुटुंबात झाला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. हाताला मिळालेले वळण घरातील कारागिरीचे होते. व्यवसायाचे नाव पुढे आडनावाच्या जागी रूढ झाले आणि मेस्त्रींचे ‘पेंटर’ झाले. नात्यातील बंधू आनंदराव पेंटर यांच्यासह १९१० ते १९१६ या काळात त्यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. राजवाडा, उपवन, अरण्य यांचा आभास सपाट कापडावर निर्माण करण्याचे कौशल्य या काळात त्यांनी आत्मसात केले. या आभासाची मर्यादाही त्यांच्या लक्षात आली असावी, असे त्यांच्या पुढील कार्यावरून दिसते.

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाने दोघा बंधूंना चित्रपटाचे वेड लावले. स्वतःच कॅमेरा तयार करण्याच्या खटपटीस ते लागले. परंतु १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. अपुरे राहिलेले काम बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये पूर्णत्वास नेले. तानीबाई कागलकर यांच्या अर्थसाहाय्यातून कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि पुढे व्ही. शांताराम ही मंडळी या संस्थेतच घडली.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यास कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकाचा आधार होता. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या आणि १९१० मध्ये सरकारी बंदीस पात्र ठरलेल्या या नाटकाचे सामर्थ्य त्यातील राजकीय अन्योक्तीत व ती वाहून नेणाऱ्या संवादांत होते. मूकपटाला संवाद नव्हते. बाबूरावांनी सारा भार दृश्यावर टाकला, आणि कीचकवधाचे दृश्य इतके भीषण वठले की ते काढून टाकावे लागले. येथे द्रौपदी व अन्य स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या, हेही महत्त्वाचे होय. फाळक्यांना १९१३ मध्ये पुरुषांकडूनच स्त्रीभूमिका करवून घ्याव्या लागल्या होत्या. बाबूरावांच्या कंपनीत गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी लोकनिंदा पत्करून काम केले. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, असे चित्रपटेतिहासात नमूद आहे.

बाबूरावांची कार्यपद्धतीच त्यांची शैली स्पष्ट करते. चित्रीकरणापूर्वी पात्रे, वेषभूषा, अलंकार आणि दृश्यरचना यांची रेखाटने ते स्वतः करीत. नट कोठे उभा राहील आणि प्रकाश कोणत्या बाजूने येईल, याचा निर्णय प्रथम कागदावर होत असे. मुख्य म्हणजे, ज्या रंगविलेल्या पडद्यांवर त्यांनी उमेदीची वर्षे घालविली होती, तेच पडदे त्यांनी चित्रपटातून वर्ज्य केले. त्यांच्या जागी खोली असलेले, चारी बाजूंनी बांधलेले देखावे आले. रंगभूमीवर जो आभास प्रेक्षक समजून स्वीकारतो, तो कॅमेऱ्यासमोर उघडा पडतो, हे जाणण्यास पडदे रंगविणाऱ्याचीच नजर हवी होती. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत. ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या भारतातील सर्वांत जुन्या भित्तिपत्रकांत गणले जाते.

‘सिंहगड’ (१९२३) हा चित्रपट हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला होता. कादंबरीत निवेदकाच्या शब्दांनी उभी राहणारी रात्रीची चढाई येथे प्रकाश आणि छाया यांच्या योजनेतून साकारावयाची होती. त्यासाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर करण्यात आला. जेथे बहुतांश चित्रीकरण सूर्यप्रकाशावर अवलंबून असे, त्या काळात अंधारही योजनापूर्वक रचता येतो, ही जाणीव चित्रकाराची होती.

या शैलीची खरी कसोटी ‘सावकारी पाश’ (१९२५) या चित्रपटात लागली. नारायण हरि आपटे यांच्या कथेतील शेतकरी सावकाराच्या कपटाला बळी पडतो, जमीन गमावतो आणि शहरात गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली. पुराणे आणि इतिहास यांच्या वैभवाकडून चित्रकाराची दृष्टी येथे प्रथमच कुडाच्या झोपडीकडे वळली. मंद प्रकाशातील उदास झोपडी आणि तिच्याजवळ रडणारे कुत्रे हे दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले. ध्वनी नसलेल्या चित्रपटात कुत्र्याचे रडणे प्रेक्षकाला जणू ऐकू यावे, हे दृश्यभाषेचे सामर्थ्य होय. तथापि पौराणिक चित्रपटांना सरावलेल्या प्रेक्षकांनी या कृतीस अपेक्षित प्रतिसाद दिला नाही आणि बाबूराव पुन्हा रूढ विषयांकडे वळले. शैलीची परिपक्वता आणि प्रेक्षकाची तयारी यांतील हे अंतर त्यांच्या चरित्रातील सर्वांत वेदनादायक भाग आहे.

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी कंपनी सोडली व सीताराम कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. त्यानंतर लवकरच बोलपटाचे युग आले. बाबूरावांनी ‘उषा’ (१९३५), ‘प्रतिभा’ (१९३७) हे बोलपट दिग्दर्शित केले. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ही पुन्हा, या वेळी ध्वनीसह, चित्रित केला. परंतु मूळ मूकपटाचा प्रभाव त्यास लाभला नाही. जे पूर्वी दृश्याला सुचवावे लागत होते, ते आता पात्रे बोलून दाखवू शकत होती; आणि मौनावर पोसलेल्या शैलीला ही सोयच अडचणीची ठरली, असे म्हणता येईल. शांताराम यांच्या राजकमल संस्थेच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांच्याकडे आले, तेव्हा शिष्य निर्माता होता आणि गुरू त्याच्या संस्थेत काम करीत होता. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले.

‘सावकारी पाश’चा मूळ मूकपट आज उपलब्ध नाही; त्यांचे अन्य बहुतेक मूकपटही नष्ट झाले आहेत. त्यामुळे त्यांच्या शैलीचा अभ्यास आठवणी, छायाचित्रे, भित्तिपत्रके आणि शिष्यांच्या कृती यांच्या आधारेच करावा लागतो. यांपैकी शेवटचे साधन अधिक बोलके आहे. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील साध्या घराचे आणि गावाचे चित्रण, तसेच नारायण हरि आपटे यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांताराम यांनी केलेला ‘कुंकू’ (१९३७), या दोहोंत कोल्हापूरच्या त्या कलागृहातील संस्कार ओळखू येतात. दिग्दर्शकाची शैली ही केवळ त्याच्या कृतींत साठून राहणारी वस्तू नव्हे. ती पाहण्याची सवय असते आणि सवय शिकविता येते. बाबूरावांचे चित्रपट हरपले, पण त्यांनी शिकविलेली नजर पुढच्या पिढीच्या चित्रपटांत टिकून राहिली.