गोळी किती लांब जाते यापेक्षा ती कुठे लागते हे बघणारा शिकारी : सातपुड्याचा जेम्स फोर्सिथ

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि अगदी उत्तरेला बघा. जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके सातपुड्याला टेकलेले दिसतील. संग्रामपूरच्या बाजूला अंबाबरवा अभयारण्य आहे, जे आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं. डोंगर ओलांडला की मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा लागतो. इंग्रजांच्या काळात हा भाग निमाड जिल्ह्यात होता आणि १८६० च्या दशकात तिथला डेप्युटी कमिशनर होता कॅप्टन जेम्स फोर्सिथ.

कोण होता हा फोर्सिथ?

जन्म १८३८ चा. विशीतच तो भारतात आला आणि मध्य प्रांताच्या जंगल खात्यात लागला. १८६२ ते १८६४ या काळात त्याने अमरकंटकपर्यंतचा डोंगराळ मुलूख पालथा घातला. पचमढीत त्याने बांधलेलं 'बायसन लॉज' आजही उभं आहे. पचमढी त्यानेच शोधली असं सांगितलं जातं, पण गोंड आणि कोरकू लोक तिथे आधीपासूनच राहत होते. पुढे निमाडात जमीन महसुलाच्या बंदोबस्ताचं कामही त्याने केलं.

शिकारीचा नाद त्याला जबरदस्त होता. वाघ, गवे, सांबर, सगळ्यांवर त्याची बंदूक चालली. पण बंदूकबाजांच्या जगात त्याचं नाव झालं ते शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर लिहिलेल्या पुस्तकामुळे.

वाद नेमका काय होता?

तेव्हा लांब, निमुळत्या गोळ्यांची फॅशन आली होती. त्या खूप दूर जात. फोर्सिथचं म्हणणं वेगळं होतं. जंगलात जनावर दिसतं जवळ, झाडीत आणि क्षणभरच. अंतर मोजायला वेळ नसतो. म्हणून गोळी शक्य तितकी सरळ रेषेत गेली पाहिजे.

यामागचं गणित सोपं आहे. नळीतून सुटताच गोळी खाली येऊ लागते. ०.१ सेकंदात ती सुमारे ५ सेंटीमीटर पडते, ०.२ सेकंदात २० आणि ०.३ सेकंदात ४४. म्हणजे वेळ दुप्पट, तर घसरण चौपट. गोळी जितकी संथ, तितकी अंतराच्या अंदाजातली चूक महाग पडते.

त्याचा उपाय होता मोठी गोल गोळी, भरपूर दारू आणि नळीच्या आत अगदी कमी पीळ असलेले आटे. पीळ कमी असल्याने जास्त दारू भरली तरी गोळी आट्यांवरून घसरत नसे.

आजच्या मोठ्या कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरलाही हेच लागू होतं. मॅग्नम काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ४०० मीटर वेगाने सुटते. ५० मीटरला ती जेमतेम ८-९ सेंटीमीटर खाली येते, पण १०० मीटरला घसरण चौपटीच्याही पुढे जाते. हरणाचं काळीज-फुप्फुस मावतं वीतभर जागेत. त्यात रिव्हॉल्व्हरची नळी आखूड आणि खांद्याचा आधार नाही, म्हणजे नेम आणखी हलतो. गोळी शेकडो मीटर जाते हे खरं, पण ती कामाची उरते तेवढ्याच अंतरापर्यंत, जिथे नेम धरणारा त्या वीतभर जागेत ती दरवेळी घालू शकतो. त्यापुढे हरीण मरत नाही, जखमी होऊन झाडीत शिरतं आणि तडफडत राहतं.

पुढे काय झालं?

१ मे १८७१ रोजी लंडनमध्ये फोर्सिथ वारला. वय अवघं तेहतीसच्या आसपास. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचं त्याचं गाजलेलं पुस्तक त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर छापून आलं. त्याची गोल गोळी लवकरच मागे पडली. नव्या 'एक्सप्रेस' रायफली आल्या, पण जास्त दारू आणि सरळ मार्ग हे तत्त्व त्यांनीही सोडलं नाही.

नेमक्या नेमाचा आग्रह धरणाऱ्यांच्या त्याच पिढीने आणि पुढच्या पिढ्यांनी सातपुड्यातली जनावरं बेसुमार मारली, हेही विसरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता हरणाची शिकार गुन्हा आहे. आज या डोंगरात बंदूक रोखून अंतराचा अंदाज घेतो तो वन विभागाचा पशुवैद्यक. त्याच्या बंदुकीत बेशुद्धीचं इंजेक्शन असतं. ते गोळीपेक्षा कितीतरी संथ जातं, म्हणून त्याला बरंच जवळ जावं लागतं.