क्रॉयडन ते डार्विन : साडेएकोणीस दिवस

२०१८ मध्ये लंडन ते पर्थ नॉनस्टॉप विमान सुरू झालं. वेळ साधारण १७ तास. १९३० साली मात्र एमी जॉन्सनला ऑस्ट्रेलिया गाठायला साडेएकोणीस दिवस लागले.

एमीचा जन्म १९०३ चा, इंग्लंडमधल्या हल गावी. वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट असताना ती फ्लाइंग शिकली. १९२९ मध्ये ग्राउंड इंजिनीअरचं लायसन्स मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री ठरली.

५ मे १९३० ला सेकंडहँड जिप्सी मॉथ घेऊन ती क्रॉयडनहून एकटीच निघाली. अंतर सुमारे १७,७०० किलोमीटर, सोबत रेडिओसुद्धा नाही. कराची सहा दिवसांत गाठली, तो रेकॉर्डच! पुढे इंधन संपत आलं, म्हणून झाशीच्या परेड ग्राउंडवर उतरली. रंगूनजवळ इन्सीनला तर विमान खड्ड्यात जाऊन पंख आणि प्रोपेलर तुटला. मदतीला धावले तिथल्या टेक्निकल इन्स्टिट्यूटचे लोक, म्हणजे आपलीच बिरादरी! पण त्यात दिवस गेले आणि बर्ट हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम हुकला. तरी २४ मे ला ती डार्विनला पोचलीच.

५ जानेवारी १९४१ ला, युद्धकाळात विमान पोचवताना ती थेम्सच्या मुखाशी कोसळली. मृतदेह सापडला नाही. तिचं ते ‘जेसन’ विमान मात्र लंडनच्या सायन्स म्युझियमने जपून ठेवलंय.