आरोग्यगृहाचे शिल्पकार : रिचर्ड नॉयट्रा

घर म्हणजे ऊनपावसापासून आडोसा, एवढाच घराचा अर्थ बहुतेकांच्या मनात असतो. परंतु घराच्या भिंतींचा आपल्या फुफ्फुसांशी, डोळ्यांशी आणि मनःस्वास्थ्याशी निकटचा संबंध असतो, हे ओळखून ज्यांनी आयुष्यभर घरे बांधली, त्या रिचर्ड नॉयट्रा या वास्तुशिल्पज्ञांचा परिचय आमच्या वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

नॉयट्रा यांचा जन्म ८ एप्रिल १८९२ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा धातूच्या ओतकामाचा कारखाना होता. तेथील तंत्रविद्यालयात शिकत असतानाच आडोल्फ लोस या विचारवंत वास्तुशिल्पज्ञाचा प्रभाव त्यांच्यावर पडला, आणि निरर्थक नक्षीकामाविषयी त्यांच्या मनात कायमची विरक्ती उत्पन्न झाली. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. तोफखान्यातील अधिकारी म्हणून त्यांना बाल्कन प्रदेशात जावे लागले. तेथे हिवतापाने आणि पुढे क्षयाने त्यांचे शरीर पोखरले. स्वच्छ हवा व सूर्यप्रकाश हेच त्या काळी क्षयाचे मुख्य औषध. युद्धानंतर ते स्वित्झर्लंडमध्ये राहिले व गुस्ताव्ह आमान या उद्यानतज्ज्ञाच्या हाताखाली झाडामातीचे काम शिकले. त्यांच्या पुढील घरांत बाग आणि खोली एकमेकींत मिसळून गेलेल्या दिसतात, त्याचे बीज या दिवसांत असावे, असे आम्हांस वाटते.

१९२२ साली डिओन निडरमान या संगीतज्ञ युवतीशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेस गेले. शिकागो येथे काही काळ नोकरी व नंतर फ्रँक लॉइड राइट यांच्याजवळ उमेदवारी करून १९२५ साली ते लॉस एंजेलिसला पोहोचले. तेथे व्हिएन्नातील जुने स्नेही रूडोल्फ शिंडलर यांनी त्यांना आपल्या घरात आश्रय दिला.

त्या शहरात फिलिप लव्हेल नावाचे निसर्गोपचारक होते. शाकाहार, व्यायाम, सूर्यस्नान आणि उघड्या हवेत निद्रा यांचा पुरस्कार ते वृत्तपत्रातील आपल्या सदरातून करीत. शिंडलर यांनीच १९२६ साली त्यांचे समुद्रकाठचे घर बांधून दिले होते. परंतु डोंगरावरील नव्या घराचे काम लव्हेल यांनी नॉयट्रा यांच्याकडे सोपविले.

जागा मोठी कठीण होती. उतार इतका तीव्र की, सामान्य रीतीचे बांधकाम तेथे अवघडच. नॉयट्रा यांनी पोलादी सांगाड्याची योजना केली. खांब आणि तुळया कारखान्यातच मापाने कापून, भोके पाडून तयार केल्या गेल्या. डोंगरावर नेऊन त्या केवळ जोडावयाच्या होत्या. भोकांच्या मापात चूक झाली असती, तर सारा सांगाडा अडून बसला असता. नव्या पद्धतीची ही जोखीम ओळखून बांधकामाची जबाबदारी त्यांनी स्वतःच्याच शिरावर घेतली. अवघ्या चाळीस तासांत सांगाडा उभा राहिला. सज्जे खालून खांबांनी न पेलता वरच्या चौकटीपासून पोलादी दोरांनी टांगलेले होते, आणि भिंतींसाठी सिमेंटचे मिश्रण नळीवाटे फवारले होते.

रस्ता वरच्या बाजूस असल्यामुळे घरात प्रवेश सर्वांत वरच्या मजल्यावर होई व तेथून जिन्याने खाली उतरावे लागे. जिन्यात फोर्ड मोटारीचे दिवे बसविले होते! निजण्यासाठी उघडे सज्जे, व्यायामाची सोय, खाली पोहण्याचा तलाव आणि सर्वत्र काचांच्या विस्तीर्ण खिडक्या, अशी ती रचना होती. डिसेंबर १९२९ मध्ये घर पाहावयास खुले झाले, तेव्हा हजारो लोक लोटले. नॉयट्रा यांची कीर्ती सर्वत्र पसरली.

या यशास एक कडू किनारही होती. हे काम नॉयट्रा यांच्याकडे गेल्याचे शल्य शिंडलर यांच्या मनात राहिले आणि दोन मित्रांत दुरावा आला. दोष कोणाचा, याचा निवाडा आम्ही करीत नाही. १९५३ साली योगायोगाने दोघेही आजारी होऊन रुग्णालयाच्या एकाच खोलीत आले व तेथे पुन्हा बोलू लागले. त्याच वर्षी शिंडलर निवर्तले. तेवीसचोवीस वर्षांचा अबोला थोड्या दिवसांत फिटला खरा. पण गेलेली वर्षे परत आली नाहीत.

आरोग्याचा हा विचार नॉयट्रा यांनी धनिकांपुरता ठेवला नाही. १९३५ साली लॉस एंजेलिसजवळ बेल येथे त्यांनी बांधलेल्या शाळेत वर्गाची एक बाजू सरकत्या काचेची होती; ती उघडताच वर्ग अंगणात जाई. पोर्टो रिको बेटासाठीही त्यांनी शाळा व आरोग्यकेंद्रे आखली. १९६३ साली त्यांचे स्वतःचे घर आगीत जळाले, तेव्हा सत्तरी उलटलेल्या या गृहस्थांनी पुत्र डिओन यांच्या साहाय्याने ते पुनश्च उभारले. १६ एप्रिल १९७० रोजी जर्मनीतील वुप्पर्ताल येथे त्यांचे देहावसान झाले.

पोलाद आणि काच यांचे घर आपणांपैकी बहुतेकांस बांधता येणार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. परंतु खोलीत सकाळचे ऊन येते की नाही, वारा खेळतो की नाही, आजारी माणसाच्या दृष्टीस एखादे झाड पडते की नाही, हे पाहणे कोणासही शक्य आहे. दुखण्याने खचून न जाता त्यातून इतरांच्या सुखाची वाट शोधणाऱ्या या शिल्पकाराचे चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांस मार्गदर्शक होवो.